आगोटीनंतरचा रायगड

मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तके वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. पण एकदा ध्यानात आली की ती पानोपानी दिसू लागते. या इतिहासाचे वर्ष आठच महिन्यांचे असते. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा बाहेर पडतात, हिवाळाभर मुलूखगिरी चालते, उन्हाळ्यात गडांना वेढे पडतात, आणि मृगाची चाहूल लागली की लष्करे छावणीला येतात. त्यांच्याबरोबर इतिहासकारही लेखणी खाली ठेवतो आणि पुढचे प्रकरण आश्विनात उघडतो. मधले चार महिने कोठे गेले याची विचारपूस कोणी करीत नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली १६६० च्या आषाढातली रात्र तेवढी सर्वांना पाठ असते, आणि तीही अपवाद म्हणूनच. एरवी पावसाळा म्हणजे कोरी पाने.

पण त्या चार महिन्यांतही माणसे कोठेतरी राहत होतीच. रायगडाचेच पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंच, भोवती तुटलेले कडे. महाडच्या त्या टापूत वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर एवढ्या अवधीत. अशा जागी एक राजधानी होती. राजा, राण्या, मुले, कारभारी, कारकून, शिबंदी, बाजारपेठेतले दुकानदार, पागेतली जनावरे, इतका सगळा संसार त्या डोंगरमाथ्यावर होता. आज आपण जातो तेव्हा जोती दिसतात, भिंतींचे खालचे थर दिसतात, नगारखान्याची कमान दिसते. छपरे मात्र कोठेच दिसत नाहीत. ज्या इमारतींना छपरे नाहीत त्यांतल्या पावसाळ्याची कल्पना मनात यावी कशी? आपण येतो तेही बहुधा थंडीत. निळे आकाश, कोवळे ऊन, आणि डोळ्यांपुढे राज्याभिषेकाचे चित्र. रायगड आपल्या मनात कायमचा कोरडा असतो.

माझ्या मनातला हा कोरडा रायगड एका दिवसात भिजून गेला तो १९९२ च्या जून महिन्यात. आम्ही महाडला एका नातलगाकडे लग्नासाठी गेलो होतो. लग्न पार पडले, एक दिवस मोकळा मिळाला, आणि सकाळच्या एस.टी.ने पाचाडला जाऊन संध्याकाळपर्यंत परतायचे असे ठरले. आई, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. आईचे वय तेव्हा अडुसष्ट होते. लहानपणी शाळेच्या पुस्तकात पाहिलेली सिंहासनाची जागा एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढी एकच तिची जुनी इच्छा. रज्जुमार्ग त्या वेळी नव्हता. तो पुढे १९९६ साली झाला. गडावर जायचे तर सुमारे चौदाशे पायऱ्या चढूनच.

महाड सोडले तेव्हा आभाळ नुसते भरलेले होते. पाचाडला उतरलो तेव्हा समोर गड नव्हताच. जिथे तो असायला हवा तिथे करड्या धुक्याची एक भिंत उभी होती आणि तिच्यातून वाऱ्याबरोबर आडव्या सरी येत होत्या. जिजाबाईंच्या समाधीपाशी आम्ही थांबलो. आईने समाधीला हात जोडले, थोडा वेळ धुक्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही चौघे जाऊन या. मी इथेच बसते.”

“आई, मग आपण सगळेच थांबू,” मी म्हणालो.

“अरे, पोरं इतक्या लांबून आलीत. आणि जिजाऊसाहेब इथंच राहिल्या ना? मग मला इथं राहायला काय झालं?”

पत्नी हळूच म्हणाली, “अहो, त्यांचं बरोबर आहे. पायऱ्या निसरड्या असतील.” जवळच्याच एका घरातल्या बाईंनी आईला ओसरीवर घेतले, पाट दिला, अंगावर पांघरायला घोंगडी दिली. आम्ही निघालो.

आईने जे सहज म्हटले ते इतिहासाला धरूनच होते. उतारवयात गडावरचा वारा आणि गारठा जिजाबाईंना मानवेना, म्हणून महाराजांनी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. त्या वाड्याची तटबंदी आणि विहिरी आजही पाहायला मिळतात. म्हणजे राजधानीच्या जागेची निवड झाली ती संरक्षणाच्या दृष्टीने. पण त्या निवडीची किंमत पहिल्यांदा मोजली ती राजाच्या आईने. मुलगा वर आणि आई खाली, असा तो संसार एका उभ्या चढाने विभागला गेला होता.

आता या चढाला पावसाळ्याचे परिमाण लावून पाहा. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला असे आपण सांगतो. ही त्या वेळच्या जुन्या इंग्रजी पंचांगाची तारीख आहे. आजच्या पंचांगाने पाहिले तर तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. मृग नक्षत्र लागून गेलेले. कोकणात तोवर पेरण्यांची घाई उडालेली असते. म्हणजे देशोदेशीचे ब्राह्मण, पाहुणे, वकील आणि सरदार यांचा तो अपूर्व मेळा पावसाळ्याच्या उंबरठ्यावर भरला होता. त्यानंतर अकरा दिवसांनी, ज्येष्ठ वद्य नवमीला, १७ जून रोजी, आजच्या हिशेबाने २७ जूनला, पाचाडला जिजाबाई वारल्या. सोहळ्याला त्या गडावर होत्या, मुलाने त्यांचे आशीर्वाद घेतले, असे परंपरा सांगते. तसे असेल तर त्या अकरा दिवसांत केव्हातरी त्यांना पालखीतून खाली आणले असले पाहिजे. ऐंशीच्या घरातले ते थकलेले शरीर, उतरत्या पायऱ्या, आणि ज्येष्ठाचे आभाळ. राज्याभिषेकावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या उतरण्यावर कोणी लिहिले नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये गडावर असलेला एक परका साक्षीदार आपल्याला माहीत आहे. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन मे महिन्यात तहाच्या बोलण्यासाठी आला. महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून त्याला पाचाडला वाट पाहावी लागली. मग तो वर गेला, सोहळा पाहिला, तह पुरा केला आणि लगोलग निघाला. या वकिलातीच्या हकिकतीत एक गोड प्रसंग आहे. इंग्रजांना मांस पुरविणारा एक म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहायला आला. कारण त्याने कित्येक वर्षांत जेवढे मांस विकले नव्हते तेवढे या थोड्या परक्यांनी अल्पावधीत फस्त केले होते! मला या म्हाताऱ्याचे नेहमी कौतुक वाटते. राज्याभिषेकाच्या त्या धामधुमीत हा मनुष्य केवळ कुतूहलापोटी एवढा डोंगर चढला.

आमची चढण चित्‌ दरवाजाकडून सुरू झाली. खुबलढा बुरुज मागे पडला आणि मग पायऱ्यांवरून पाणी उतरू लागले. आम्ही वर जात होतो आणि पाणी खाली. छत्र्या दहा मिनिटांत निरुपयोगी ठरल्या. मुलीने तिच्या भावाचा हात जो धरला तो महाद्वारापर्यंत सोडला नाही. महाद्वाराचे ते दोन प्रचंड बुरुज धुक्यातून अगदी जवळ आल्यावर एकाएकी उभे राहिले. कमानीखाली आम्ही अंगे पुसली. तिथे चिरंजीवांनी प्रश्न विचारला, “बाबा, पावसात ही माणसं इथं काय खायची?”

मुलांचे प्रश्न असेच असतात. लढाया कोणी जिंकल्या ते आपण सांगत असतो आणि त्यांना जेवणाची काळजी पडलेली असते. पण खरे सांगायचे तर गडाच्या इतिहासातला पहिला प्रश्न तोच आहे. कोकणात पावसाळा लागण्यापूर्वीच्या त्या आठ-पंधरा दिवसांना आगोट म्हणतात. आगोटीला घरोघर बेगमी होते: तांदूळ, डाळी, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, सरपण, गुरांचा पेंढा. घराचे छप्पर शाकारायचे, पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या ताट्या लावायच्या. एका घराला हे करावे लागते, तर गडाला किती करावे लागत असेल! धान्याचे प्रत्येक पोते, तेलाचा प्रत्येक बुधला, लाकडाची प्रत्येक मोळी माणसाच्या डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून त्याच वाटेने वर यायची. आणि मृग बरसू लागला की ती वाट ओढा होऊन जायची.

शिवाजीमहाराजांना या हिशेबाची किती जाण होती हे त्यांच्या एका प्रसिद्ध पत्रावरून कळते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणागोटा आणि गवत आताच मनमानी उधळलेत तर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा त्याचा आशय. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, एवढ्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. ते वाचून राजाच्या दयाळूपणाचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पत्राचा खरा विषय आगोट हा आहे. चार महिन्यांचा साठा ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्य.

पाण्याचेही तसेच. ज्या गडावर १०० इंच पाऊस पडतो तिथे चैत्र-वैशाखात घोटभर पाण्यासाठी वणवण व्हावी, हा सह्याद्रीचा विरोधाभास आहे. काळ्या कातळावरून पाणी धावत सुटते, थांबत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या प्रकरणात पाण्यावर मोठा भर आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसेल आणि जागा तर घेणे भागच असेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. आणि काही टाकी राखून ठेवावीत, त्यांतले पाणी रोजच्या खर्चाला काढू नये. गंगासागर, कुशावर्त, हत्तीतलाव ही नावे आपण नकाशात वाचतो. त्या दिवशी गंगासागरावर उभे राहिलो तेव्हा तलावाचा पैलतीर दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त पाण्यावर पडणारे पाणी. पुढच्या वैशाखातली तहान त्या जागी आषाढात भागवून ठेवायची असे.

सिंहासनाची जागा आम्ही पाहिली ती अशी: दहा पावलांवरचे दिसत नव्हते, वारा शब्द उडवून नेत होता, आणि मुले थंडीने काकडत होती. नगारखान्याच्या आडोशाला थोडे थांबलो. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही घरे होती. त्यांपैकी एका घरातल्या आजींनी आम्हांला आत बोलावले. चुलीपाशी मुलांना बसविले, गुळाचा चहा दिला. पावसाळ्याचे कसे भागते असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “मिरगाच्या आधी समदं वर आणायचं. मग खाली जायचं नाव नाय. कोन आजारी पडलं तर देवाला सांगायचं नि थांबायचं.” एवढेच बोलून त्यांनी चुलीत लाकूड सारले. इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात मला रायगडच्या पावसाळ्याचे इतके नेमके वर्णन आढळलेले नाही.

‘मग खाली जायचं नाव नाय.’ हे वाक्य मनात असताना १६८९ सालाकडे पाहावे, म्हणजे त्या वर्षाचा अर्थ निराळा दिसू लागतो. फेब्रुवारीच्या आरंभी संभाजीमहाराज संगमेश्वरला पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्याच मार्चच्या अखेरीस इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला. गडावर त्या वेळी येसूबाई होत्या, सात वर्षांचा शाहू होता आणि एकोणीस वर्षांचे राजाराम होते. सगळ्यांनी एकाच जागी कोंडून घेण्यात अर्थ नाही, राजारामांनी बाहेर पडून राज्य राखावे, हा सल्ला येसूबाईंनी दिला असे बखरी सांगतात. ५ एप्रिलला राजाराम गडावरून निसटले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या.

आपण या प्रसंगाचे वर्णन करतो ते त्याग, धैर्य, राजनीती या शब्दांत. ते शब्द खोटे नाहीत. पण मला प्रश्न पडतो तो वेगळाच: एप्रिलमध्ये हा निर्णय घेताना त्या बाईच्या डोळ्यांपुढे काय असेल? आगोट दोन महिन्यांवर आलेली. आणि वाट शत्रूच्या ताब्यात. म्हणजे त्या वर्षी बेगमी नाही. कोठारात जे असेल तेच. जूनपासून धुके, वारा, भिजलेले सरपण, बुरशी धरलेले धान्य, तापाने फणफणलेली माणसे. आणि पदरात सात वर्षांचे पोर, ज्याचा बाप नुकताच हालहाल करून मारला गेला आहे. नवरा गेला, दीर गेला, आणि पुढचे चार महिने गडावरून कोणी उतरणार नाही. हे सगळे माहीत असून ती राहिली.

आणि गड राहिला. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पावसाने वेढलेल्यांना छळले तसे वेढा घालणाऱ्यांनाही छळले असणार. सह्याद्रीचा पावसाळा मोगली फौजांना काय करीत असे याचे दाखले पुढच्या काळातले आहेत. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री माण नदीला अचानक पूर आला, खवासपूरची छावणी वाहून निघाली, आणि त्या गोंधळात खुद्द औरंगजेबाचा गुडघा जायबंदी होऊन तो जन्माचा लंगडा झाला. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड ताब्यात आल्यावर बादशहा पन्हाळ्याकडे परत फिरला, तेव्हा अवघे ३० मैलांचे अंतर तोडायला त्याच्या लष्कराला ३८ दिवस लागले. ओढे, चिखल आणि दऱ्या यांत हत्ती, उंट, माणसे, सामान किती गेले याला सुमार नाही. पुढे १८१८ साली इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या त्या एप्रिल-मे महिन्यांत. १० मे रोजी गड त्यांच्या हाती आला. आगोटीपूर्वी काम उरकण्याची निकड त्यांनाही कळली असावी असे मला वाटते. त्या तोफांच्या माऱ्यात वाड्यांना आगी लागल्या, छपरे गेली. आणि नंतरच्या एकेका पावसाळ्याने उघड्या भिंतींचे जे करायचे ते केले.

१६८९ चा पावसाळा मात्र येसूबाईंनी काढला. गड पडला तो ३ नोव्हेंबरला, पाऊस सरल्यावर, कडे वाळल्यावर. आणि तोही फितुरीने, असे सांगतात. सूर्याजी पिसाळाचे नाव त्यासाठी कायमचे बदनाम झाले. इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. शाहू सुटला १७०७ मध्ये. येसूबाई स्वराज्यात परत आल्या त्या १७१९ साली, तीस वर्षांनी.

त्या सात महिन्यांनी काय साधले? राजारामांना जिंजीकडे निसटायला अवधी मिळाला. राजधानीच्या पायथ्याशी एक मोठी मोगली फौज अडकून पडली. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, संताजी, धनाजी यांना श्वास घ्यायला उसंत मिळाली. मराठ्यांचे राज्य १६८९ मध्ये बुडाले नाही याची कारणे इतिहासकार पुष्कळ देतात. त्यांत एक कारण असेही जोडले पाहिजे की, एका विधवेने सात वर्षांच्या मुलाला घेऊन रायगडावर एक पावसाळा काढला.

आम्ही उतरलो ते हाताला हात धरून, बसत, सरकत. दोन ठिकाणी पायऱ्या पाण्याखाली दिसतच नव्हत्या. मी पुढे होऊन पायाने चाचपायचे आणि मग मुलांना घ्यायचे, असे चालले होते. हिरकणी कड्यावरून उतरून गेली ती कथा मुलीला येत होती, ती म्हणाली, “बाबा, ती कोजागिरीला उतरली म्हणून उतरू शकली. आषाढात नसती उतरली.” दंतकथेवरची इतकी समंजस टीका मी अजून वाचलेली नाही. सूर्यास्ताला दरवाजे बंद होत, घरी तान्हे मूल, आणि आई कड्यावरून उतरते. त्या कथेला समकालीन पुरावा नाही. पण गडावरच्या बायकांचे जे दुःख कागदपत्रांत आले नाही, ते लोकांनी या कथेत साठवून ठेवले असावे.

पाचाडला पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर घोंगडीत बसून घरातल्या बाईंबरोबर तांदूळ निवडीत होती. “पाहिलंत का?” तिने विचारले. मुलाने सांगितले, “आजी, काहीच दिसलं नाही, पण सगळं कळलं.” आई पुन्हा कधी रायगडाला गेली नाही. १९९४ मध्ये ती गेली. रज्जुमार्ग त्यानंतर दोन वर्षांनी आला.

आज रायगडावर पुष्कळ काम चालते. १८९६ मध्ये तिथे उत्सव सुरू झाला, १९२६ च्या सुमारास समाधीचा जीर्णोद्धार झाला, आणि आता उत्खनन, संशोधन, जतन यांकडे लक्ष दिले जात आहे. जमिनीतून खापरे, नाणी, कौले निघतात. मला त्यांतली कौले फार मोलाची वाटतात. कौल सापडले म्हणजे छप्पर होते. छप्पर होते म्हणजे त्याखाली कोणी पागोळ्यांचा आवाज ऐकत बसले होते. त्या माणसांचे चार महिने अजून आपल्या इतिहासात यायचे आहेत. ते आणायचे तर लढायांच्या यादीशेजारी कोठारांचे हिशेब, टाक्यांची मापे, शाकारणीचे खर्च आणि आगोटीच्या मागण्यांची पत्रे नव्याने वाचावी लागतील. कागद तेच आहेत. फक्त ते पावसाळ्याच्या बाजूने वाचायचे आहेत. म्हणजे रायगड कसा घेतला गेला याबरोबरच तो कसा राखला गेला हेही कळेल, आणि तो राखणाऱ्यांत तलवार न धरलेली माणसे किती होती याचाही हिशेब लागेल.